हावड्याला उतरल्यावर

अपरिचित नगराविषयी आपले जे पहिले मत बनते, त्याला सत्याचा आधार कितपत असतो? वरवर पाहता हा प्रश्न प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांचा वाटेल. परंतु तो नीतिशास्त्राचाही आहे. कारण पहिल्या मताबरोबरच आपण निवाडाही करून मोकळे होतो. असा एक निवाडा आम्ही कलकत्त्याविषयी केला होता. साल २००१, म्हणजे त्या नगराचे नाव अधिकृतपणे कोलकाता झाले तेच वर्ष.

जुलै महिना होता. आम्ही मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेसने निघालो. राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ मध्ये ही गाडी सुरू झाली, तेव्हा तिला वरच्या वर्गाचा डबाच नव्हता. सर्व उतारूंनी एकाच दर्जाने प्रवास करावा, हा त्यामागील विचार. पुढे तिलाही निरनिराळ्या वर्गांचे डबे लागले, ही गोष्ट वेगळी. नागपूर, रायपूर, बिलासपूर, टाटानगर, खडगपूर करीत गाडी दुसऱ्या दिवशी हावड्याला पोहोचली.

फलाटावर लाल सदऱ्यातील एका हमालाने आमची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. पेटीत बहुतांशी पुस्तकेच होती. ती किती जड असते हे पुस्तके वाहणाऱ्यालाच ठाऊक. हमालाच्या मानेच्या शिरा तेव्हा आम्ही पाहिल्याही असतील, पण त्या लक्षात राहिल्या नाहीत. आमचे लक्ष मजुरी ठरविण्याकडे होते.

पिवळ्या टॅक्सीतून पूल ओलांडला. नट-बोल्टांऐवजी रिव्हेटांनी जोडलेला तो प्रचंड पोलादी सांगाडा १९४३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली, आणि खेड्यांतून आलेली उपाशी कुटुंबे याच नगराच्या दारोदारी भाताची पेज मागत फिरली. ही माहिती आम्ही वाचून आलो होतो. शाळेच्या दालनात कधीतरी 'दो बिघा जमीन'ही पाहिला होता. गहाण पडलेली जमीन सोडविण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणारा बलराज साहनी आमच्या आधीच तेथे येऊन उभा होता म्हणा ना! तेव्हा आमची पहिली दृष्टी तशी कोरी नव्हतीच.

बोबाजारच्या एका बोळाच्या तोंडाशी टॅक्सीवाल्याने आम्हांस उतरविले. आत गाडी वळणार नाही, म्हणाला. पेटी खाली ठेवतो न ठेवतो तोच लाकडी दांड्यावर घुंगरू आपटल्याचा ठणठण आवाज आला. मोठी दोन चाके, उंच बैठक आणि दोन दांड्यांच्या मध्ये घोड्याच्या जागी माणूस. पन्नाशीचा, अनवाणी, बिहारकडील.

"आइए बाबू, बैठिए।"

माणसाने ओढलेल्या गाडीत आम्ही बसत नाही, असे आम्ही त्याला बऱ्यापैकी गंभीरपणे सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि भाव पाच रुपयांनी उतरविला. आमचे तत्त्व त्याला घासाघीस वाटले होते! आम्ही दहा रुपये काढून त्याच्या हाती ठेवले व चालू लागलो. त्याने नोट कपाळाला लावली, कमरेला खोचली. मग आमच्या हातातील पेटी काढून घेऊन ती बैठकीवर ठेवली आणि रिक्षा ओढत आमच्या शेजारून चालू लागला. बोळातील माणसे हसत होती. मोकळ्या रिक्षात एक पेटी आणि चिखलातून पायी चालणारे दोघे जण. भीक म्हणून दिलेल्या पैशाची त्याने मजुरी करून टाकली होती.

त्या रात्री आम्ही दैनंदिनीत लिहिले: "हे नगर निर्दय आहे."

सेमिनरीत आम्हांला कांट शिकविला गेला. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच एक साध्य आहे, हे त्याने १७८५ मध्ये मांडले. आमचे प्राध्यापक त्यातील 'केवळ' या शब्दावर थांबत, आणि आम्ही विद्यार्थी परीक्षेत तो हटकून गाळत असू. वस्तुतः सारा प्रश्न त्या शब्दातच आहे. साधन तर हमालही होता, टॅक्सीवालाही होता. हमालाच्या डोक्यावर पेटी चढताना जी सदसद्विवेकबुद्धी स्वस्थ होती, ती अर्ध्या तासात रिक्षापुढे एकाएकी जागी झाली, यात श्रमांच्या क्रौर्याचा भाग किती आणि देखाव्याच्या नवखेपणाचा किती? लाल सदरा आम्ही बालपणापासून पाहत आलो होतो.

पाचव्या दिवशी कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तके घेत असता पाऊस कोसळला. तासाभरात रस्त्यावर गुडघाभर पाणी झाले. टॅक्सी नाही, ट्राम जागच्या जागी उभी. अशा वेळी त्या भागात चालतात त्या हातरिक्षाच. आम्ही बसलो.

हे सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. बैठक उंच असल्याने ओढणाऱ्याची मान व पाठ सतत डोळ्यांखाली येते. पहिली काही मिनिटे आम्ही दृष्टी कोठे ठेवावी या विवंचनेत होतो. नंतर पुस्तकांच्या पुडक्यात पाणी शिरल्याचे ध्यानात आले. पुडके सोडून आम्ही एकेक पुस्तक पुसू लागलो, एकाची बांधणी सुटली म्हणून हळहळलो, आणि मान वर केली तेव्हा बोबाजारचा बोळ आला होता. किती वेळ लागला असेल? पंधरा-वीस मिनिटे. तेवढ्या अवधीत आम्ही त्या नगराचे रहिवासी होऊन गेलो होतो. दैनंदिनीतील ते वाक्य आम्ही खोडले नाही. पण त्याचा कर्ता 'नगर' आहे, एवढे मात्र त्यानंतर खटकत राहिले.

२००६ च्या डिसेंबरात पश्चिम बंगालच्या विधानसभेने हातरिक्षा बंद करणारे विधेयक संमत केले. प्रकरण न्यायालयात गेले. ओढणारे म्हातारे होत गेले, रिक्षा थोड्या उरल्या. २०२४ पासून हावड्याहून मेट्रो हुगळीच्या पात्राखालून जाते. आता नवखा उतारू पूल न पाहताही नगरात प्रवेश करू शकतो.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वर्तमानपत्रात वाचले, की माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा चालवायला मिळाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. बातमी वाचून वर्तमानपत्र खाली ठेवले आणि मग आठवले. आठ वर्षांचे असताना आम्ही वडिलांबरोबर माथेरानला गेलो होतो. लाल माती आठवते, हातातील शेंगदाण्यांची पुडी पळविणारे माकड आठवते, आणि धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन रिक्षात बसल्याचेही आठवते. चढ होता. रिक्षा कोणी तरी ओढत होते, मागून कोणी तरी लोटत होते. त्यांपैकी एकाचाही चेहरा आम्हांला आठवत नाही.