शाईतली फळं

चिनी चित्रात पीच दिसलं की दीर्घायुष्य, डाळिंब दिसलं की लेकुरवाळं घर, ‘बुद्धाचा हात’ नावाचं बोटाबोटांचं महाळुंग दिसलं की सुख. संग्रहालयांतल्या पाट्या हे कोष्टक हातात ठेवतात आणि पाहणारा समाधानानं पुढच्या चित्राकडे सरकतो. कोष्टक खोटं नाही. पश्चिमेच्या राणीमातेच्या बागेतलं पीच तीन हजार वर्षांनी एकदा पिकतं आणि ते खाणारा अमर होतो, ही कथा तिकडे घरोघरी ठाऊक आहे. दाणा आणि मुलगा या दोहोंना चिनी भाषेत एकच शब्द चालतो, म्हणून डाळिंब लग्नाच्या भेटीत शोभतं.

पण कोष्टकानं फळाचा अर्थ लागतो, चित्राचा लागत नाही. आपल्याकडे नारळ ओटीत पडला तर आशीर्वाद, नोकरदाराच्या हातात पडला तर हकालपट्टी. कोण देतं आणि कोणत्या वेळी, यावर सगळं ठरतं.

द्राक्षांचा घड हा भरभराटीचा संकेत. त्याचं शू वेई या चित्रकारानं (१५२१–१५९३) काय केलं पाहा. षाओशिंगचा हा विलक्षण बुद्धीचा माणूस प्रांतिक परीक्षेत आठ वेळा नापास झाला. ज्या सेनाधिकाऱ्याच्या पदरी होता, तो राजकारणात बुडाला. शू वेईला वेडाचे झटके येऊ लागले. १५६६ मध्ये त्यानं बायकोचा खून केला आणि सात वर्षं तुरुंगात काढली. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातल्या त्याच्या ‘शाईची द्राक्षं’ या चित्रात वेल वरून कोसळावी तशी लोंबते. पानं म्हणजे ओल्या शाईचे फराटे, द्राक्षं म्हणजे पुसट, पाणचट ठिपके. वर त्याच्याच हातच्या कवितेच्या तिरक्या ओळी. ही फळं म्हणजे गिऱ्हाईक न मिळालेले मोती, असा त्यांचा सूर. भरभराटीच्या फळावर एका फाटक्या माणसानं आपलं गाऱ्हाणं टांगलं आहे. मूळ संकेत ठाऊक नसेल तर यातला टोमणा ऐकूच येत नाही. कोष्टकाचा खरा उपयोग मला इथं दिसतो: ते कुठं मोडलंय हे कळण्यासाठी.

शाईही या मोडतोडीत सामील असते. पीचची लाली आणि डाळिंबाचा तांबडेपणा म्हणजे निम्मी शुभेच्छा. तीच काढून घेतली की उरते काजळी आणि सरस, आणि पाणी पिणारा कागद. त्या कागदावर टेकलेला कुंचला मागे घेता येत नाही, चूक खरवडता येत नाही. फळापेक्षा हातच जास्त दिसू लागतो.

मूची हा तेराव्या शतकातला चॅन (जपानीत झेन) भिक्षू, हांगचौच्या परिसरात राहिलेला. त्याच्या चित्रातल्या सहा पर्सिमॉनना (आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं हे फळ) ना ताटली, ना मेज, ना फांदी. कडेची दोन फळं जवळजवळ नुसत्या रेषेची, मधलं एक काळंकुट्ट. ज्याचा केशरी रंग लांबून ओळखू यावा, अशा फळाची ही गत! पर्सिमॉनच्या चिनी नावाचा उच्चार ‘कामकाज’ या शब्दासारखा होतो, म्हणून पुढे ‘सगळं मनासारखं होवो’ अशी शुभेच्छा त्याला चिकटली. ती या चित्रात वाचणं मला ओढूनताणून वाटतं. युआन काळातल्या चिनी जाणकारांनी मूचीला ओबडधोबड, जुन्या रीतीचं भान नसलेला ठरवलं. त्याची चित्रं जपाननं जपली. हे चित्र क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरसमूहात आहे. विसाव्या शतकात झेनच्या पाश्चात्य चाहत्यांनी त्यावर नवी पाटी लावली: पर्सिमॉन म्हणजे शून्यता. एका कोष्टकातून सुटलेलं फळ दुसऱ्यात जाऊन पडलं. हे वाचन जास्त भारदस्त आहे, एवढाच काय तो फरक.

मग साध्या शुभेच्छेला कमी लेखायचं का? ची बाइशी (१८६४–१९५७) तसं करू देत नाही. हूनान प्रांतातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा आधी सुतार होता. बीजिंगमध्ये तो दरपत्रक लावून चित्रं विकायचा आणि घासाघीस त्याला खपत नसे. गिऱ्हाइकांना वाढदिवसासाठी पीच हवे असत. तो ते भडक लाल रंगात, रसरशीत काढून देई, लिचीही देई. पानं मात्र पुष्कळदा काळ्या शाईत, दोन-चार दणकट फटकाऱ्यांत उरकलेली असत. दीर्घायुष्याचे पैसे त्यानं लालीसाठी घेतले असतील. मी चित्रापुढे थांबतो तो त्या काळ्या पानांसाठी.