कोणाच्याच जोडीचा नाही

अंपायर हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमधल्या ‘नोंपेर’चा अर्थ जोड नसलेला, विषम. इंग्रजीत आला तेव्हा सुरुवातीचा ‘न’ शाबूत होता. बोलता बोलता तो आधीच्या ‘अ’ या इंग्रजी उपपदाला चिकटला आणि मागे अंपायर उरला. तेव्हा त्याचा क्रिकेटशी संबंध नव्हता. दोघांचा तंटा मिटेना की तिसऱ्याला बोलवत, तो अंपायर.

निःपक्षपाती म्हणजे ज्याच्या मनात कसलाच कल नाही तो, असं आपण धरून चालतो. या शब्दाची अपेक्षा वेगळी आहे: माणूस कोणाच्या जोडीचा नसावा. मला हेच जास्त खरं वाटतं. कल कोणाला नसतो? पण निकालानंतर कोणाच्या पंगतीला बसायचं हे ज्याचं आधीच ठरलंय, त्याने कितीही सचोटीने बोट वर केलं तरी हरणाऱ्याला ते पटत नाही. हरणाऱ्याला पटत नसेल, तर तंटा मिटला कुठे?

क्रिकेटला हे उमगायला फार वेळ लागला. यजमान देशाचेच अंपायर उभे राहत आणि त्यांचा बरोबर निर्णयही संशयात सापडे. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत, इम्रान खान यांच्या आग्रहावरून, दोन भारतीय उभे राहिले: व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानच्या कर्णधाराने भारतीयांच्या हाती निर्णय सोपवला, हे मला आजही मोठं वाटतं. तरी प्रत्येक कसोटीत दोन्ही अंपायर त्रयस्थ, ही पद्धत यायला २००२ उजाडलं. शब्दातला ‘विषम’ हा अर्थ कायद्यातही दिसतो. आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यात लवाद किती असावेत हे पक्षकार ठरवतात. मात्र ती संख्या सम असून चालत नाही.

क्रिकेटचा आणखी एक नियम मला मोलाचा वाटतो. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला, अंपायरने स्वतः आवाज ऐकला, तरी अपील झाल्याशिवाय तो बाद देत नाही.

भावाभावांच्या वाटणीत मात्र आपण बोलावण्याआधीच निकाल देऊन बसतो. बोलावलंच, तर मुक्काम थोरल्याकडे, जेवण थोरल्याकडे, आणि सकाळी धाकट्याला चार समजुतीच्या गोष्टी. खरी मध्यस्थी करायची तर त्या दिवसांपुरता दोन्ही घरांचा पाहुणचार सोडावा लागतो आणि दोघेही नाराज होतील याची तयारी ठेवावी लागते. ज्याला हे झेपणार नाही, त्याने निरोप आल्याबरोबर स्पष्ट नाही म्हणावं. भाऊ दुसरा माणूस शोधतील.