दुखतंय कुणाला?

"कधीपासून दुखतंय हिला?" डॉक्टरांनी विचारलं. प्रश्न आईला होता. मी आईच्या शेजारच्याच खुर्चीत पोटाशी पर्स दाबून बसले होते. वय चोवीस, नोकरी पुण्यात, घरभाडं स्वतःच्या पगारातून. आई म्हणाली, "पाळीच्या वेळी दुखतं हो थोडं. आमच्याकडे सगळ्यांनाच आहे ते."

'थोडं' हा शब्द केसपेपरवर गेला. मोबाईलमध्ये माझ्याकडे सात महिन्यांच्या तारखा होत्या. किती उलट्या झाल्या, किती सुट्ट्या गेल्या, कोणत्या रात्री बाथरूमच्या फरशीवर झोपले, सगळं होतं. मी मोबाईल बाहेर काढलाच नाही. पेनकिलर लिहून मिळाली. सोबत "लग्न झालं की कमी होईल" हा दिलासाही, फुकट.

मी का बोलले नाही, याचा नंतर खूप विचार केला. भीती नव्हती. ते वळण होतं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, आणि डॉक्टरांना उलट विचारायचं तर नाहीच. आपल्याकडे डॉक्टरच्या 'हाताला गुण' असतो. गुणावर शंका घेतली तर तो येत नाही, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असा हिशोब पक्का बसलेला.

दुखण्याचं नाव मला पुढे चार वर्षांनी कळलं. एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, त्यातून सूज येते, अवयव एकमेकांना चिकटू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या साधारण दहा टक्के बायकांना तो असतो. साध्या सोनोग्राफीत तो अनेकदा दिसत नाही. माझे दोन रिपोर्ट 'नॉर्मल' आले होते. म्हणजे बराच काळ या आजाराचा एकमेव पुरावा काय, तर बाईचं सांगणं. आणि तोच पुरावा 'थोडं' या खात्यात जमा होतो.

मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली आलेल्या पुस्तकात याच प्रकाराला नाव दिलं. सांगणारा माणूस कोण आहे, यावरून ऐकणाऱ्याने त्याच्या शब्दाची किंमत आधीच कमी धरली, तर तो एक अन्यायच असतो. जाणणारा माणूस म्हणून त्याच्यावर झालेला. त्याला आपण 'साक्षीचा अन्याय' म्हणू. मला ते वाचून बरं वाटलं. मग लगेच वाईटही वाटलं, कारण माझ्या बाबतीत साक्ष दिलीच गेली नव्हती. मग तो अन्याय केला कुणी? डॉक्टरांनी, आईने, की मी?

हल्ली सल्ला सोपा असतो. स्वतःसाठी बोला. प्रश्न लिहून न्या, दुसरं मत घ्या, कागद मागा. हे सगळं मी पुढे केलं. केसपेपरच्या नकला मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, हे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांत लिहिलेलं आहे. तेही मी वापरलं. दुसऱ्या डॉक्टर मॅडमसमोर एकटी गेले आणि चिठ्ठी वाचून दाखवली. सोबत माझी स्वतःची थिअरीही ऐकवली, की हा बहुतेक अंडाशयाचा कॅन्सर आहे. त्यांनी थिअरी शांतपणे बाजूला ठेवली आणि तारखा पुन्हा वाचायला लावल्या. दुखणं कसं आहे हे मला ठाऊक होतं, आजार कोणता हे त्यांना. एका ओपीडीत शंभर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला गुगल करून आलेल्यांचा वैताग का येतो, तेही मला त्या दिवशी समजलं.

पण माझं बोलणं चाललं ते कशामुळे? इंग्रजी रिपोर्ट वाचता येतो. अर्ध्या दिवसाची रजा मिळते. दुसऱ्या डॉक्टरची फी देता येते. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. काढली नाही तर कॅन्सर होईल, असं अनेकींना सांगितलं गेलं होतं. फडात एक खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, अंगावर उचल फिटायची बाकी, पाळीला सुट्टी नाही. कागदावर अंगठे आणि सह्या असतील, संमतीही असेल. या बाईला मी काय सांगू, प्रश्न लिहून ने?

दिल्लीतला समीरा कोहली खटला तर याहून विचित्र. १९९५ साली चव्वेचाळीस वर्षांची एक बाई फक्त तपासणीच्या लॅप्रोस्कोपीसाठी टेबलावर झोपली. आत एंडोमेट्रिऑसिस दिसला. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशय काढले गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पेशंट सज्ञान आहे, तातडी नव्हती, आईची संमती ही संमती नव्हे. शस्त्रक्रिया तिच्या भल्यासाठीच होती हेही मानलं, आणि भरपाई दिली पंचवीस हजार. तेरा वर्षांनी. मला त्या निकालातली भरपाई आठवत राहत नाही. आठवते ती बाहेरच्या बाकावर बसलेली आई. तिने सही काही लेकीचं वाईट व्हावं म्हणून केली नसणार.

म्हणून 'स्वतःसाठी बोला' हे कर्तव्य म्हणून कुणाला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तो हक्क आहे. आजारी माणसाने तो वापरला नाही, तर दोष त्याचा नाही. कर्तव्य असेल तर ते टेबलाच्या पलीकडच्याचं, आणि त्याहून आधी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या धडधाकट माणसाचं. त्या खुर्चीतून पेशंटसाठी बोलणं किती सहज पेशंटच्या ऐवजी बोलणं होतं, ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

दोन्ही म्हणजे कसं, तर गेल्या महिन्यात आईला गुडघ्यासाठी घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काकूंना जिना चढताना त्रास होतो का?"

माझं उत्तर तोंडात तयार होतं. फाईल माझ्या हातात, तारखा माझ्या मोबाईलमध्ये. मी म्हटलं, "तिलाच विचारा ना."

आई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग डॉक्टरांकडे. "होतो थोडा," ती म्हणाली.

"थोडा म्हणजे किती, आई?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.