शिक्षकाच्या हाती बंदूक असावी का?



२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेच्या मुलांसाठी मिस्सा चालू होती. शाळेचे नवे वर्ष नुकतेच सुरू झाले होते. एवढ्यात बाहेरून खिडक्यांमधून गोळ्यांचा वर्षाव झाला. आठ आणि दहा वर्षांची दोन मुले बाकावर बसल्या जागीच मरण पावली, अनेक जखमी झाली. हल्लेखोराने पूर्वी त्याच शाळेत शिक्षण घेतले होते.

अशी घटना घडली की तिकडे एक उपाय हमखास सुचवला जातो : शिक्षकांना बंदुका द्या. हे नुसते बोलणे राहिलेले नाही. फ्लोरिडा राज्यात २०१८ साली पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचा बळी गेला. त्यानंतर तेथे शाळेतील निवडक कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगण्याची मुभा मिळाली आणि २०१९ मध्ये ती वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांनाही लागू झाली. टेनेसी राज्याने २०२४ मध्ये तसाच कायदा केला. आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे, भाचरे आज परदेशात शिकत आहेत. त्यामुळे हा प्रश्न दूरचा असला तरी अगदीच परका नाही.

हा उपाय सुचवणाऱ्यांना वेड्यात काढू नये. निरपराध्याच्या जिवाचे रक्षण करणे हा केवळ हक्क नव्हे. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याचे ते गंभीर कर्तव्य आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. संत थॉमस अक्वायनस यांनीही स्वसंरक्षणासाठी गरजेपुरते बळ वापरणे रास्त मानले आहे. लांडगा दिसताच मेंढरे टाकून पळणारा मजूर प्रभूने आपल्याला आदर्श म्हणून दिलेला नाही. टेक्सासमधील हॅरल्ड या छोट्या गावाच्या शाळेने २००७ साली कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू देण्याचे ठरवले, ते पोलिसांची मदत पोहोचायला फार वेळ लागेल म्हणून. त्या आईबापांची भीती खरी होती.

पाकिस्तानातील उदाहरण तर मन हेलावणारे आहे. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये अतिरेक्यांनी १३० हून अधिक मुलांची हत्या केली. पुढच्याच महिन्यात त्या प्रांताच्या सरकारने शिक्षकांना शस्त्र बाळगण्याची परवानगी दिली. जानेवारी २०१६ मध्ये चारसद्दा येथील बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला, तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक सय्यद हामिद हुसैन यांनी आपल्या पिस्तुलाने अतिरेक्यांना रोखून धरले. विद्यार्थ्यांना पळायला अवसर मिळाला. प्राध्यापक मात्र मारले गेले. त्यांच्या धैर्यापुढे मान झुकवावी. पण त्याच परवानगीची दुसरी बाजूही आहे. जुलै २०१५ मध्ये स्वात खोऱ्यातील एका शाळेत शिक्षक पिस्तूल साफ करीत असताना गोळी सुटली आणि एक विद्यार्थी दगावला. त्या दिवशी त्या शाळेवर कोणताही अतिरेकी चालून आला नव्हता.

म्हणून आधी व्यवहाराचा प्रश्न विचारू या. हा उपाय चालतो का? १९९९ साली कोलंबाइनच्या शाळेत सशस्त्र पोलीस अधिकारी होता. त्याने हल्लेखोराच्या दिशेने गोळ्याही झाडल्या, तरी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक ठार झाले. पार्कलंडमध्ये शाळेचा सशस्त्र रक्षक इमारतीबाहेरच थांबला. २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथे एकूण ३७६ पोलीस गोळा झाले. तरी हल्लेखोरापर्यंत पोहोचायला त्यांना ७७ मिनिटे लागली आणि १९ मुले व दोन शिक्षिका यांचे प्राण गेले. न्यूयॉर्क पोलिसांच्या चकमकींचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या शंभरातल्या सुमारे १८ गोळ्याच नेमक्या लागत होत्या, असे त्यात आढळले. ज्यांचा हा पेशाच आहे त्यांची ही गत, तर काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या गणिताच्या बाईंनी, किंचाळत धावणाऱ्या मुलांच्या गर्दीत, अचूक नेम साधावा ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

शिवाय ती बंदूक ठेवायची कुठे? कुलपात ठेवली तर ऐनवेळी हाती यायची नाही. अंगावर बाळगली तर ती रोज मुलांच्या हाताच्या अंतरावर राहील. हल्ला बहुतेक शाळांत कधीच होत नाही. बंदूक मात्र शाळेच्या प्रत्येक दिवशी वर्गात असेल. आणि मिनियापोलिसप्रमाणे गोळ्या खिडकीबाहेरून आल्या तर खिशातले पिस्तूल काय कामाचे? तेथे मिस्सा सुरू झाल्यावर चर्चचे दरवाजे बंद केले होते, त्यामुळे आणखी जीव वाचले असावेत, असे पोलिसांनी सांगितले.

पण समजा, नेम अचूक लागला. तरीही खरा नैतिक प्रश्न उरतोच : समोर उभा असतो तो कोण? पुष्कळदा तो त्याच शाळेचा आजी किंवा माजी विद्यार्थी असतो. म्हणजे आपण शिक्षकाला सांगतो आहोत, ज्याला तू हात धरून लिहायला शिकवलेस, त्याच्यावर गोळी झाडायची मनाची तयारी आजपासून ठेव. एखाद्या भयंकर क्षणी शिक्षकावर तशी वेळ आली तर आपण त्याला दोष देणार नाही. पण ती तयारी रोजच्या नोकरीचा भाग करणे वेगळे. पोलिसाने माणसाकडे संशयाने पाहणे हे त्याच्या कामात बसते. प्रत्येक मूल वाया जाणार नाही या विश्वासावर शिक्षकाचे काम उभे असते. तो विश्वास ढळला तर वर्गात पहारेकरी उरेल, गुरू उरणार नाही.

आणि या विश्वासाचा संरक्षणाशी थेट संबंध आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्यासोबत २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळांवरील हल्ल्यांपैकी सुमारे ८० टक्के प्रकरणांत हल्ल्याचा बेत आधीच कोणाला तरी माहीत होता, असे त्यात दिसले. बहुधा बरोबरीच्या मुलांनाच. ही मुले ते कोणाला सांगतील? ज्यांच्याजवळ मन मोकळे करता येते अशा मोठ्या माणसाला. म्हणजे शिक्षकाचे उघडे कान हेही संरक्षणच आहे.

त्याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालाने दाखवले की, बंदूक वापरलेल्या हल्ल्यांपैकी तीन चतुर्थांश हल्ल्यांत ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आलेली होती. इथे आपल्याला थांबून विचार करावा लागेल. घरातले कपाट कुलूपबंद ठेवणे वडीलधाऱ्यांना जड जाते आणि त्याची भरपाई शिक्षिकेने आपला जीव पणाला लावून करायची, हा कसला न्याय? २०२१ मध्ये मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे एका विद्यार्थ्याने चार सहाध्यायांना ठार केले. २०२४ साली न्यायालयाने त्याच्या आईवडिलांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. जबाबदारी कोठून सुरू होते, हे त्या निकालाने स्पष्ट सांगितले.

गेथसेमनी बागेत पेत्राने तलवार उपसली ती प्रेमापोटीच. पण घाव बसला एका दासाच्या कानावर. प्रभूने पेत्राला तलवार म्यान करायला सांगितले आणि तो कान बरा केला. पेत्राचे प्रेम खोटे नव्हते. हाती घेतलेले साधन चुकीचे होते. शिक्षकांना बंदुका द्या म्हणणाऱ्यांविषयी हेच म्हणावेसे वाटते.

मग आपण काय करावे? परदेशातील मुलाबाळांशी फोनवर बोलताना एवढे विचारा : तुमच्या घरात किंवा मुले खेळायला जातात त्या घरात बंदूक आहे का? असल्यास ती कुलपात आहे का? आणि इथे, आपल्या घरी आणि आपल्या शाळेत, जे मूल गप्प गप्प राहते, एकटे बसते, त्याची आज कोणी विचारपूस केली का, हे स्वतःला विचारा. त्याला शस्त्र लागत नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.