जे शाबूत आहे

रायपूर स्टेशनच्या पलीकडे गुढियारी आहे. किराण्याची जुनी पेठ आणि दाट वस्ती. छत्तीसगडात बऱ्याच ठिकाणी असते तशी इथेही अनेकांची सकाळ गुडाखूच्या डबीने सुरू होते. तंबाखू आणि काकवी मळून केलेला हा काळसर लेप बोटावर घ्यायचा आणि हिरड्यांना चोळायचा. आपल्याकडच्या मशेरीचीच ही बहीण. दात बळकट राहतात, पोट साफ होतं, असं घरातल्या मोठ्यांनीच सांगितलेलं असतं. पण तंबाखूने हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात. आत आजार वाढत असला तरी रक्त फारसं येत नाही, दुखतही नाही. मग एक दात हलायला लागतो, तो काढावा लागतो. पुढे दुसरा. दात गेला की त्याखालचं हाडही झिजतं, कारण चावण्याचा भार मिळाला तरच ते टिकतं. पहिल्या वर्षभरातच तिथली रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते. वर्षं जातात, जबडा इतका बारीक होतो की कवळी बसत नाही आणि नेहमीचं इम्प्लांट, म्हणजे दाताच्या जागी हाडात रोवायचा स्क्रू, बसवायला जागाच उरत नाही.

अशा माणसासाठीही आता मार्ग आहे. 1965 साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हा धातू हाडाशी एकजीव होतो, हे त्यांना आधीच प्रयोगांत दिसलं होतं. आज जबड्याचा सीटी स्कॅन काढतात, संगणकावर आराखडा करतात आणि टायटॅनियमची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून त्या एकाच माणसासाठी पट्टी तयार करतात. शिंप्याने अंगाचं माप घेऊन सदरा शिवावा, तशी ती त्याच्या हाडाच्या उंचसखलपणावर बसते. मला यातली एक गोष्ट फार भावते. स्कॅन समोर आला की डॉक्टर गेलेल्या हाडापाशी थांबत नाहीत. घट्ट हाड कुठे शिल्लक आहे, ते शोधतात. वरचा जबडा पार झिजला तरी गालाचं हाड बहुधा भक्कम असतं. नाकाशेजारची कड असते. स्क्रू तिथे बसतात आणि त्यांच्या आधाराने पुढे दातांची रांग उभी राहते. 2021 साली करोनानंतर काळी बुरशी झालेल्या कितीतरी जणांचा वरचा जबडा काढावा लागला. त्यांतल्या काहींना असाच, त्यांच्या मापाचा आधार बसवून पुन्हा घास चावता आला.

काय शाबूत आहे याचा हा शोध घरातही घेता येतो. आजीला आता सुईत दोरा ओवता येत नाही. पण मेथी निवडायला बसली तर तिच्या हातून एक पिवळं पान सुटत नाही. मुलाची उत्तरपत्रिका घरी येते आणि आपली नजर आधी लाल खुणांवर जाते. त्याने बरोबर सोडवलेली गणितं शेवटी दिसतात, कधी दिसतही नाहीत. आजारातून उठलेल्या माणसाला सगळे विचारतात, अजून काय जमत नाही? त्याऐवजी, आज काय जमलं, असं विचारून बघावं. उणीव लपवायची नाही. स्कॅनवर झिजलेलं हाडही स्पष्ट दिसतच असतं. फक्त सुरुवात भक्कम जागेपासून करायची.

आणि तोंडाच्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः खरं आहे. हिरड्यांच्या आजाराने गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही, पण राहिलेलं वाचवता येतं. मापाचं इम्प्लांट महाग आहे, शस्त्रक्रिया मोठी आहे, आणि त्याआधीही डॉक्टर तंबाखू सोडायलाच सांगतात. मग ती आजच सोडायला घेतली तर आहे ते हाड आपल्याजवळच राहील. सवय जुनी असेल तर एकट्याने झगडू नये, घरच्यांना सांगावं, डॉक्टरांची मदत घ्यावी. रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, एम्स आहे. तुमच्या गावाजवळही कुणी दंतवैद्य असेल. हलणारा दात घेऊन महिनोन्‌महिने बसू नका, दाखवून या. आज रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं ब्रश करा, हिरड्यांच्या कडेकडेने, हलक्या हाताने. तोंडात सहाच दात उरले असतील तर सहाच घासा, पण प्रत्येकाच्या मागची बाजूसुद्धा.