यंत्रासकट

पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक-योजनेच्या वैद्यकीय तपासणीत चांगुलपणाला रकाना नाही. दात, गुडघे, रक्तदाब, रोजच्या गोळ्या, झालेल्या शस्त्रक्रिया असं सगळं खोदून विचारतात, आणि एखादं यंत्र वापरत असाल तर त्याची कुंडलीच मागतात. मी रात्री सीपॅप हे श्वासाचं यंत्र लावून झोपते. न्यू जर्सीत शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, मुलं मार्गी लागली, आणि २७ महिने घानाच्या एखाद्या शाळेत फळ्यासमोर उभं राहावं असं मनाने घेतलं. घानाच का, तर १९६१ साली या स्वयंसेवकांची पहिली तुकडी तिथेच उतरली होती. ठाण्याची धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, सेवाच करायची तर इकडे ये आणि माझी कर. आमच्याकडे लाईटसुद्धा जात नाहीत."

हे खूळ डोक्यात शिरलं ते लिलियन कार्टर यांच्यामुळे. या अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई, पेशाने नर्स. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी त्या पीस कोअरमधून मुंबईला आल्या आणि विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत काम करून राहिल्या. माझं माहेर विक्रोळीचं. पण हे मला समजलं ते इकडच्या वाचनालयात त्यांच्या पत्रांचं पुस्तक हाती लागलं तेव्हा. वयाची वरची मर्यादा आजही नाही. अट निराळी आहे: वाजवी सोयी दिल्यावर नेमलेलं काम झेपलं पाहिजे, आणि साधारण दोन वर्षांची मुदत तब्येतीपायी फार खंड न पडता पुरी झाली पाहिजे. वाजवी किती आणि फार कशाला म्हणायचं, हे अर्थातच ते ठरवणार.

झोपेत माझा घसा मिटतो. स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, हवेची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू धक्का देऊन जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली यावरचा उपाय जगापुढे मांडला: नाकावर मास्क लावायचा आणि हवेच्या हलक्या दाबाने ती वाट उघडी ठेवायची. लोकांना वाटतं मी ऑक्सिजनवर आहे. तसं नाही; हवा खोलीतलीच, फक्त दाब देऊन आत सोडलेली. तासाला किती वेळा श्वास अडला हे यंत्र टिपून ठेवतं. आकडा पाचाच्या खाली असला की डॉक्टर खूश. तपासणीवाल्यांना ही नोंद हवी असते, आणि त्याहून जास्त हवं असतं ते एका प्रश्नाचं उत्तर: वीज गेली तर काय?

म्हणून बॅटरी आणली. शंभर वॅट-अवरच्या आतली, कारण त्यापुढे गेलं तर विमानात न्यायला कंपनीची परवानगी काढावी लागते. हवा दमट करणारी पाण्याची टाकी चालू ठेवली तर ही बॅटरी पहाटेच्या आत मान टाकते. टाकी काढून ठेवली, नळीची ऊब बंद केली, की रात्र निभते. सकाळी घसा ठणठणीत कोरडा. पण डिस्टिल्ड वॉटर कुठून आणायचं ही काळजीही त्याबरोबर मिटते.

आता खरा प्रश्न. सेवेची इच्छा असली म्हणून सेवेचा अधिकार मिळतो का? आजोळ वाईचं असल्याने मीमांसा हा शब्द लहानपणापासून कानावरून गेलेला. केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश रचला तो त्याच गावात. निवृत्तीनंतर जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय थोडा उघडून पाहिला. यज्ञ करण्याचा अधिकार कोणाला, याचीच तिथे चर्चा आहे. म्हणजे इच्छुकांची पात्रता-तपासणीच म्हणा ना. हा अध्याय डोक्यावर घेऊन नाचण्यासारखा मुळीच नाही. शूद्रांना त्यात बाहेर ठेवलंय. सगळ्यांनाच अधिकार आहे असं म्हणणाऱ्या बादरीचं मत नोंदवून बाजूला सारलंय. पण शरीराबद्दलचा मीमांसकांचा युक्तिवाद मला माझ्या फाइलपेक्षा नीटस वाटला. गरिबाला अधिकार आहे, कारण द्रव्य मिळवता येतं. अंगात उणीव असलेल्यालाही आहे, ती उणीव भरून निघणारी असेल तर. कायमची असेल तर मात्र नाही: आंधळा तुपाकडे पाहण्याचा विधी कसा करणार, आणि पांगळा विष्णुक्रमाची पावलं कशी टाकणार?

माझी उणीव यातली कुठली? आजार जन्माचा, पण मास्क लावला की रात्री काहीच उणं नाही. ज्याला चष्म्याशिवाय तूप दिसत नाही, त्याने चष्मा लावून पाहिलं तर विधी झाला की नाही? मी म्हणते, झाला. बॅटरी मला द्रव्याच्या खात्यात टाकायची आहे. ती मिळवता येते, बरोबर नेता येते. अमेरिकेचा १९७३चा पुनर्वसन कायदाही निराळ्या वाटेने इथवरच येतो: आजाराचं नाव वाचून नकार देऊ नका, समोरच्या माणसाला सोय दिली तर काय जमतं ते पाहा.

शिवाय धडधाकट म्हणून पास झालेला तरी कुठे मोकळ्या अंगाने जातो? लसी टोचून घ्यायच्या, मलेरियाच्या मुलखात नेमाने गोळ्या घ्यायच्या, औषधांची पेटी जवळ बाळगायची, आणि जिवावर बेतलं तर विमानाने उचलून नेण्याची सोय. मार्च २०२० मध्ये करोनामुळे जगभरचे सगळे, जवळजवळ सात हजार स्वयंसेवक परत बोलावले. तपासून पारखून पाठवलेली माणसं होती ती.

तरीही मी पीस कोअरच्या कचेरीच्या बाजूने बोलेन, आणि तेही जैमिनीच्याच आधाराने. नित्यकर्म जमेल तसं केलं तरी चालतं, एखादं अंग राहून गेलं तरी. काम्य कर्माला ती सवलत नाही. फळ हवं असेल तर सगळी अंगं पुरी करा. माझं घाना काम्य आहे. तिथल्या कुठल्याही मुलाने मला बोलावलेलं नाही. हौस माझी आहे. शनिवारी वाचनालयात नव्याने आलेल्यांच्या मुलांना अपूर्णांक शिकवते ते नित्य. तिथे मास्कचं कोणी विचारत नाही. हौस माझी, तर परीक्षाही कडक असू दे. माझा घसा मिटून मधेच परत यावं लागलं, तर वर्ग अर्ध्यावर सुटतो तो त्या मुलांचा.

मला खरी टोचणी आहे ती दुसरीच. ज्या घरी माझी राहायची सोय होईल, तिथेही कोणी म्हातारा असाच घोरत, गुदमरत झोपत असेल. त्याच्या उशाशी यंत्र नसणार. त्याच्या घरच्या विजेवर दिवसा माझी बॅटरी भरायची आणि रात्री त्याच्या भिंतीपलीकडे मी शांत झोपायचं. याबद्दल फॉर्म काही विचारत नाही. मीमांसकही विचारत नाहीत. त्यांचा यज्ञ करणारा यजमान आपल्यापुरतं फळ मागतो. इतर स्वयंसेवकांकडेही गावाला न मिळणारी औषधं असतातच, फक्त ती पेटीत असतात, तोंडावर नसतात. म्हणून जाऊ नये, असं मला वाटत नाही. पण त्या घरच्या सुनेने मास्ककडे बोट दाखवून विचारलं, तर हे काय आहे, कशासाठी आहे आणि केवढ्याला मिळतं, ते सरळ सांगायचं. किंमतसुद्धा. ती सांगताना जीभ अडखळेल हे मला आत्ताच कळतंय.

डॉक्टरांचं पत्र अजून यायचंय. नकार आला तर फेरविचार मागता येतो, आणि तो मी मागणार. त्यात जैमिनीला आणणार नाही. बॅटरीवर काढलेल्या रात्रींच्या नोंदी जोडीन आणि एवढंच लिहीन: घाना नको असेल तर नको, रात्री वीज टिकते अशी जी ठिकाणं तुमच्याकडे आहेत ती एकेक करून पाहा, आणि मग नाही म्हणा.