पेल्याच्या बुडाशी

कॅलिफोर्नियात नातलगांकडे गेलो असता तेथील फार गाजलेल्या ‘इन-एन-आउट’ बर्गरच्या उपाहारगृहात जाण्याचा योग आला. हॅरी व एस्थर स्नायडर या दांपत्याने हा धंदा १९४८ साली बाल्डविन पार्क येथे सुरू केला. पदार्थ मोजकेच, गर्दी अफाट. (बर्गर चांगला होता, गर्दीइतका मात्र नाही.)

यजमानांनी रिकामा पेला उलटा करून दाखविला. बुडाशी बारीक अक्षरांत ‘योहान ३:१६’. वचन नाही, नुसता संदर्भ. ही प्रथा त्यांचे पुत्र रिच स्नायडर यांनी १९८० च्या दशकात पाडली. ही साक्ष म्हणावी की जाहिरात? जाहिरात कोणी बुडाशी लपवीत नाही, असे आम्हांला वाटते.

आम्ही अडलो ते पुढे. छापील कागदाला पाय लागला तर हात जोडणाऱ्या मुलखात आम्ही वाढलो. येथे शास्त्राचा संदर्भ तेलकट वेष्टनासकट कचऱ्यात! शास्त्र कागदात नसते, हे शब्बाथ शाळेत आम्हीच शिकवितो. तरी हात थबकला. मग घरचे पवित्र शास्त्र आठवले. किती जपलेले! पुठ्ठ्यावर एक डाग नाही.

आमच्या ‘डबल-डबल’च्या वेष्टनावर नहूम १:७ होते. ते वचन कोणते, असे यजमानांच्या मुलाने विचारले. आम्हांला सांगता आले नाही.